मॅनेजमेंटची पीएचडी: "कधी संपणार?" आणि "काय निघणार?" दोन्हीला उत्तर नाही. कसं निभवायचं?

वेलांटी
शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४१. चौदा वर्षं चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. तिथे सगळं तारखेवर चालतं. माल गुरुवारी म्हणजे गुरुवारी, नाहीतर लाइन थांबते आणि अख्खं प्रॉडक्शन माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीचं ना-हरकत पत्र घेऊन पार्ट-टाइम पीएचडीला नाव नोंदवलं. विषय असा: मोठ्या कंपन्या लहान सप्लायरचे पैसे उशिरा देतात, तर ते सप्लायर आपले निर्णय कसे बदलतात? मशीन घ्यायचं की नाही, माणूस ठेवायचा की नाही, वगैरे. भाग चाकण, भोसरी, तळवडे. खरं सांगू? उत्तर आपल्याला माहीतच आहे असं वाटत होतं. फक्त आकडे गोळा करायचे होते.

६० प्रश्नावल्या भरून झाल्या आणि आयकर कायद्याचं ४३बी(एच) आलं. म्हणजे आधीच आलं होतं, पण दणका बसला तो मार्च २०२४ मध्ये. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत (लेखी करार नसेल तर १५) दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. जे अकाउंट्सवाले फोन उचलत नव्हते ते सप्लायरना स्वतः फोन करायला लागले. त्यानंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांची उत्तरं आधीच्या ६० शी जुळेनात.

त्यातून सावरतेय तोवर १ एप्रिल २०२५ पासून 'लघु'ची व्याख्याच बदलली. उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटींवर गेली. माझ्या यादीतले चार 'मध्यम' कारखाने एका रात्रीत 'लघु' झाले. बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.

गाइड म्हणतात, "चालू द्या, त्यातूनच काहीतरी निघेल." काय निघेल, विचारलं तर हसतात. गणपतीत सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अजून शाळा चालूच का गं?" मी मोदकाची पारी वळत बसले.

ज्यांनी केलीय, सोडलीय, करताहेत, त्यांना विचारायचंय: ही जी 'माहीत नाही' अवस्था आहे, तिच्याशी जुळवून कसं घेतलंत? की जुळवून घ्यायचंच नसतं, विषय बदलून मोकळं व्हायचं असतं?

---

पेठी_पुणेकर
शुक्रवार, रात्री १०:५५

"कधी संपणार" हा प्रश्न पुढचा. "का सुरू केली" याचं उत्तर द्या आधी. (हलके घ्या.)

---

निवांत_नाना
शुक्रवार, रात्री ११:०१

चटई टाकून बसलोय. शतकी धागा होणार. चहा कोण आणतंय?

---

रोकडा
शुक्रवार, रात्री ११:४८

वेलांटी, माझं ऐका आणि मग ठरवा तुमचं किती वाईट चाललंय ते.

माझी नोंदणी २०१५ ची. विषय, हसू नका, "पुण्यातील किरकोळ कापड दुकानदारांचे रोखीचे व्यवहार". २०१६ च्या दिवाळीआधी लक्ष्मी रोड, रविवार पेठ असं दारोदार फिरून ११२ प्रश्नावल्या भरून घेतल्या. ऐन सीझन, दुकानदार धड बघायलाही तयार नाहीत. एकाने तर मला साडीच्या घड्या घालायला बसवलं आणि घड्या घालता घालता उत्तरं दिली. दिवाळी झाली. ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता मी जेवायला बसलो होतो. ताटातली आमटी गार झाली.

दुसऱ्या दिवशी उठून तसाच लक्ष्मी रोडला गेलो. का गेलो ठाऊक नाही, पाय वळले. घड्यावाले काका गल्ल्यावर एकटेच बसलेले. म्हणाले, "ये. आज गिऱ्हाईक नाही. आज मीच तुला प्रश्न विचारतो. तुझ्या त्या कागदांचं आता काय?"

पुढचे चार महिने मी काही केलं नाही. अक्षरशः काही नाही. विद्यापीठात जायचो, जयकर ग्रंथालयात खिडकीजवळची जागा धरायचो आणि झोपायचो. गाइडनी एकच सांगितलं होतं, दर आठवड्याला त्या काकांकडे जाऊन बस, प्रश्नावली नेऊ नकोस. म्हणून जात राहिलो. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात काकांनी गादीखालून लाल कापडाची वही काढली. उधारीची. त्यात पाहिलं तर नोव्हेंबरनंतर पानंच्या पानं भरलेली. घाऊकवाल्याने काकांची मुदत वाढवलेली, काकांनी गिऱ्हाइकांची वाढवलेली, आणि कुणाला किती द्यायचं हे सगळं ओळखीवर. रोख आटली तसा बाजार माणसांच्या भरवशावर चालला होता, आणि ते कुठल्याच प्रश्नावलीत येणार नव्हतं. विषय तिथे सापडला. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मी घाबरलो नाही, उलट वही घेऊन धावत गेलो.

२०२१ ला ऑनलाइन व्हायव्हा (तोंडी परीक्षा) झाला. आई शेजारच्या खोलीत कुकर लावायची थांबली होती, शिट्टी व्हायला नको म्हणून.

त्या ११२ प्रश्नावल्यांपैकी शेवटी प्रबंधात गेलं एक परिशिष्ट. पण त्या भरताना ओळख झाली नसती तर वही कुणी दाखवली असती?

---

ऋतुगंधा
शनिवार, सकाळी ७:१५

रोकडा, काय लिहिलंय! कुकरच्या शिट्टीला डोळ्यांत पाणी आलं. वाचनखूण साठवली.

---

उत्तरपत्रिका
शनिवार, सकाळी ९:३०

रोकडा यांचा अनुभव सुंदर आहे, पण या धाग्यावर लवकरच 'अनिश्चिततेला कवेत घ्या' छापाचं सुरू होणार, त्याआधी थोडं मीठ टाकते.

फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला, तो आपल्याला कोर्सवर्कमध्ये शिकवतात आणि आपण विसरतो. जोखमीत शक्यता मोजता येतात, म्हणून विमा काढता येतो. अनिश्चिततेत मोजायलाच काही नसतं, आणि त्याच्या मते उद्योजकाला नफा मिळतो तो ती अंगावर घेण्याबद्दल. वेलांटीताईंचं ४३बी(एच) किंवा रोकडांची नोटबंदी या दुसऱ्या जातीतल्या. ठीक. त्या अंगावर घ्या, त्यातून काही निघतं.

पण पीएचडीत तिसरी एक जात असते आणि तिला लोक खुशाल अनिश्चितता म्हणतात. मी प्रबंध जमा केला आणि व्हायव्हाला चौदा महिने लागले. कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही. एका परीक्षकाचा अहवाल दोन महिन्यांत आला होता. लिफाफा ऑफिसच्या कपाटात होता. दर महिन्याला मी त्या कपाटासमोर उभी राहून "अहवाल आला का?" विचारायची आणि कपाटाला टेकून बसलेला माणूस "नाही आला" म्हणायचा. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं.

हिला अनास्था म्हणतात. हिच्याशी जुळवून घ्यायचं नसतं. हिला अर्ज करायचा, पोच घ्यायची, माहिती अधिकार टाकायचा. फेलोशिप सात-सात महिने येत नाही तेव्हा त्या मुलाला "प्रवासाचा आनंद घे" म्हणणाऱ्याला मी फटके देईन.

---

निवांत_नाना
शनिवार, सकाळी ९:४१

कपाटाला टेकून बसलेला माणूस. आजचं सगळ्यात खरं वाक्य. +१

---

पेठी_पुणेकर
शनिवार, सकाळी ९:५०

तो टेकला नसता तर कपाट पडलं असतं. व्यवस्था अशीच उभी असते.

---

सरासरी
शनिवार, सकाळी ११:२०

स्टॅटिस्टिक्सवाला बोलतो. गेली दहा वर्षं लोकांच्या पीएचडीचा डेटा 'रन' करून देतो. (प्रबंध लिहून देत नाही. व्यक्तिगत निरोप पाठवू नये.)

मॅनेजमेंटवाल्यांना अनिश्चितता नकोच असते, त्याचा पुरावा म्हणजे एक आकडा: ३८४. दहापैकी सात जण येतात ते सँपल ३८४ ठरवूनच. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये दिलेल्या तक्त्यात दहा लाख लोकसंख्येसमोर हा आकडा आहे. येतो कुठून? ९५ टक्के विश्वास, ५ टक्के चूक, आणि प्रमाणाबद्दल काहीच माहीत नाही म्हणून निम्मं-निम्मं धरलेलं. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५. झालं ३८४.१६. ते ०.१६ माणूस कुठे गेलं कुणी विचारत नाही.

आता गंमत बघा. हे गणित यादृच्छिक नमुन्याचं आहे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील तर. आपले लोक काय करतात? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म: "माझ्या पीएचडीसाठी फक्त २ मिनिटे द्या 🙏". फॉर्मला लागतात पंचवीस मिनिटं. ३८४ पुरे होईतो आत्या, मामा, जिमचा ट्रेनर सगळे 'पुणे शहरातील ग्राहक' होतात. मग अल्फा (प्रश्नावलीतली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) ०.७ च्या वर आला की पेढे.

"माहीत नाही" एवढं लिहायला कुणी तयार नाही, म्हणून ३८४ लिहितात. वेलांटी, तुमचं सँपल किती ठरलंय? खरं सांगा.

---

वेलांटी
शनिवार, दुपारी १२:०५

... ३८४. 🙈

---

सरासरी
शनिवार, दुपारी १२:०६

😂😂😂

---

काकूबाई
शनिवार, दुपारी २:१०

सगळे पीएचडी करणारेच बोलताहेत, म्हणून घरच्यांतर्फे चार शब्द.

आमच्या ह्यांनी सिनॉप्सिस दिला तेव्हा मुलगा सहावीत होता. आता त्याला मिसरूड फुटलंय आणि तो ह्यांना एक्सेल शिकवतो. मधल्या काळात आमच्याकडे दोन लग्नं, एक बायपास आणि स्वयंपाकघराचं नूतनीकरण झालं. ह्या सर्व प्रसंगी ह्यांचं 'चौथं प्रकरण' चालू होतं. चौथं प्रकरण म्हणजे काय मला माहीत नाही, पण ते एखाद्या सवतीसारखं घरात राहतं एवढं कळलंय.

अनिश्चिततेशी तुम्ही खुशाल मैत्री करा हो. पण फी निश्चित असते, इंटरनेटचं बिल निश्चित असतं, आणि रविवारी भाजी कोणीतरी आणावीच लागते. माझा सल्ला एकच: आठवड्यातला एक दिवस घरच्यांना असा द्या की त्या दिवशी पीएचडी हा शब्द निघणार नाही. आमच्याकडे गुरुवार होता. ह्यांनी तो पाळला म्हणून अजून एकत्र आहोत.

सासूबाईंचं मनावर घेऊ नका. पुढच्या गणपतीला त्यांनाच प्रश्नावली भरायला द्या.

---

अर्धवट_डॉक्टर
शनिवार, संध्याकाळी ६:३५

मी सोडली. पाचव्या वर्षी. कुणाला तरी लिहायलाच हवं होतं.

पार्श्वभूमी: बँकेत नोकरी, विषय ग्राहकनिष्ठा. चौथ्या वर्षी लक्षात आलं की मला उत्तरात रस राहिलेला नाही. उत्तर काय येईल हे न कळणं मला झेपत होतं. उत्तर आलं तरी मला काही वाटणार नाही हे कळलं, ते झेपलं नाही. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि रात्री दोन वाजता त्या सारख्याच दिसतात.

नोंदणीच्या वेळी बायकोने एक कागद करायला लावला होता. सहा वर्षं, अडीच लाख रुपये आणि एक मोठं भांडण. यातलं काहीही आधी संपलं तर थांबायचं. भांडण आधी संपलं. म्हणजे झालं. (आता सगळं ठीक आहे.)

सोडल्यावर लोक काय म्हणतील ही भीती होती. कुणी काही म्हटलं नाही. बहुतेकांना मी करतोय हेच माहीत नव्हतं.

---

लाल_शाई
शनिवार, रात्री ९:२०

गाइड आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

अर्धवट_डॉक्टर, तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. त्यांनी न वाचता जे केलं त्यावर एक अख्खा सिद्धांत आहे. सरस सरस्वती या मूळच्या भारतीय संशोधिकेने कार्नेगी मेलनमध्ये हर्बर्ट सायमन (१९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांच्या हाताखाली काम करताना २७ मुरलेल्या उद्योजकांना एक काल्पनिक धंदा उभा करायला दिला आणि त्यांना मोठ्याने विचार करायला लावलं. ती माणसं बाजाराचा अंदाज बांधत बसली नाहीत. हाताशी काय आहे, ओळखीचं कोण आहे आणि किती बुडालं तर चालेल, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. 'परवडणारं नुकसान' ही त्यातलीच कल्पना. आपण हे एमबीएच्या पोरांना शिकवतो आणि स्वतःच्या पीएचडीला मात्र पाच वर्षांचा गँट चार्ट (कुठलं काम कधी, याचा तक्ता) लावतो.

आता वेलांटी. आधी नियम, कारण अर्धी धास्ती तिथली असते. तुमची नोंदणी २०२३ ची, म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम लागू: कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोनची सवलत, एकूण दहाच्या आत. तुमची तीनही पुरी झालेली नाहीत. "कधी संपणार" विचारणाऱ्याला सांगा, आत्ता संपली असती तर नियमाविरुद्ध झालं असतं.

दुसरं, ते ६० फॉर्म. अहो, तुमच्याकडे कायद्याचा दणका बसण्याआधीची उत्तरं आहेत! आता कुणी कितीही पैसे टाकले तरी ती मिळणार नाहीत. त्याच ६० जणांकडे परत जा. आणि ज्यांना ही तरतूद लागूच नाही, म्हणजे तेव्हाचे मध्यम कारखाने आणि नुसते ट्रेडर, त्यांच्याशी ताडून बघा. दोन्ही गटांत जो बदल झाला तो बाजारामुळे. फक्त लघु-सूक्ष्ममध्ये झाला तो बहुधा कायद्यामुळे. ते चार कारखाने जे मध्यमचे लघु झाले, त्यांच्यासाठी तर मी माझ्या विद्यार्थ्याला पेढा दिला असता.

३८४ खोडा. पुढच्या सहामाही आढाव्यात समितीला सरळ सांगा की का खोडलं. समितीत एक तरी शहाणा असतोच.

---

उत्तरपत्रिका
शनिवार, रात्री ९:४४

लाल_शाई, तुमच्यासारखे गाइड मिळतात कुठे? आणि "समितीत एक तरी शहाणा असतोच" याला आधार काय? सँपल किती?

---

लाल_शाई
शनिवार, रात्री ९:५०

सँपल एक. मी असतो.

---

तासिका
शनिवार, रात्री ११:३०

पीएचडी झाली २०२२ ला. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आधीच झाली होती. सध्या तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर. सकाळी हडपसर, दुपारी कर्वे रोड, संध्याकाळी निगडी. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत.

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट पुरते, पीएचडी ऐच्छिक झाली. मी सात वर्षं जे केलं ते ऐच्छिक निघालं.

ज्यांची नोकरी चालू आहे आणि जोडीला पीएचडी आहे त्यांनी अनिश्चिततेबद्दल जरूर बोलावं. मी वाचतोय. राग नाही, फक्त नोंद.

---

रोकडा
शनिवार, रात्री ११:५२

तासिका, नोंद घेतली. खरंय तुमचं. मी ज्या चार महिन्यांत ग्रंथालयात झोपलो, तेव्हा घरी वडिलांचं पेन्शन येत होतं. ते लिहायला विसरलो होतो.

---

पेठी_पुणेकर
रविवार, सकाळी ८:०५

तासिका यांच्या प्रतिसादानंतर माझा फाजीलपणा शोभत नाही, तरी मुद्दा मांडतो. मॅनेजमेंटची पीएचडी वाचतं कोण? गाइड, दोन परीक्षक आणि शोधगंगेचा (प्रबंध साठवायच्या संकेतस्थळाचा) सर्व्हर. धंदेवाल्याला त्याचा दमडीचा उपयोग नाही. माझ्या आजोबांनी तुळशीबागेत चाळीस वर्षं दुकान चालवलं, कधी हायपोथिसिस मांडलं नाही.

---

सरासरी
रविवार, सकाळी ८:३०

मांडलं असणार. "हा माणूस उधारी बुडवणार" हे हायपोथिसिसच. फक्त टेस्ट करायची सोय नव्हती.

---

ऋतुगंधा
रविवार, सकाळी ९:००

अवांतर: जयकरचं नाव निघालं म्हणून, अनिकेत कँटीन अजून तसंच आहे का? आमच्या वेळी तिथे चहा घेत घेत निम्मा ग्रुप नेटचा अभ्यास करायचा आणि उरलेला निम्मा नेटचा अभ्यास करणाऱ्यांकडे बघायचा.

---

निवांत_नाना
रविवार, सकाळी ९:०४

मी दुसऱ्या निम्म्यात होतो. लग्न तिथलंच.

---

ऋतुगंधा
रविवार, सकाळी ९:०५

नाना!! वेगळा धागा काढा!!

---

काकूबाई
रविवार, सकाळी ९:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

भोसरीचा_भैरू
रविवार, दुपारी ४:१५

नमस्कार. मी शिकलेला आयटीआय टर्नर. भोसरीत शेड आहे, तीन सीएनसी, एक जुनं लेथ, अकरा माणसं. धागा पुतण्याने दाखवला. म्हटला काका, तुमच्याच बद्दल चाललंय.

मॅडम, माझ्याकडे पण मागे एक असा फॉर्म आला होता. तुमचाच की दुसऱ्या कुणाचा माहीत नाही, लई येतात. त्यात पाच चौकोन. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. प्रश्न होता, "उशिरा पेमेंटमुळे मी विस्ताराचे निर्णय पुढे ढकलतो." आता काय टिक करू? फॉर्म घेऊन आलेली बाई परचेसमध्ये आहे हे कार्डावर लिहिलेलं. पूर्ण सहमत केलं आणि ती उद्या आमच्या गिऱ्हाइकाकडे लागली तर? आम्ही सगळे 'सांगता येत नाही' वर टिक करतो. तो आमचा लाडका चौकोन.

४५ दिवसांचं म्हणाल तर एका पार्टीने खरंच वेळेवर दिले. दुसऱ्या पार्टीचा माणूस म्हटला, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) रद्द करून टाका, मग ऑर्डर चालू ठेवतो. तिसरा माल घेतो पण बिल घेत नाही, म्हणजे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. हे तुमच्या कुठल्या चौकोनात बसवणार?

आणि पेठी_पुणेकर, तुमच्या आजोबांचं गिऱ्हाईक समोर उभं होतं. आमचं गिऱ्हाईक आम्हाला ईमेलवर 'डिअर व्हेंडर' म्हणतं. त्यामुळे कुणीतरी हे लिहून ठेवलं तर बरंच होईल. पुढचं पेमेंट कधी येणार हे माहीत नसताना मी दर सात तारखेला अकरा पगार करतो. त्याला तुम्ही लोक काय म्हणता ते इंग्रजीत असेल काहीतरी. आम्ही त्याला महिना म्हणतो.

एक राहिलं. खरं लिहायचं ते आम्ही फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहितो. ती बाजू कोण वाचत नाही हे माहीत असतं, म्हणून लिहितो.

---

उत्तरपत्रिका
रविवार, दुपारी ४:३१

"आम्ही त्याला महिना म्हणतो." नाइट साहेबांना कळवा कुणीतरी.

---

लाल_शाई
रविवार, दुपारी ४:४०

वेलांटी, वरचा प्रतिसाद तीनदा वाचा. मी ६० फॉर्मबद्दल फार उत्साहाने बोललो. विचारणारा कोण आहे हे बघायचं राहिलं माझ्याकडून.

आणि हो. मागची बाजू बघा.

---

तासिका
रविवार, संध्याकाळी ७:१०

भैरूभाऊ, दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, हे आमच्याकडेही आहे. नेमणुकीचं पत्र ऑक्टोबरमध्ये येतं, तास जुलैपासून घेतलेले असतात.

---

वेलांटी
सोमवार, रात्री १:२५

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

फॉर्मची डेटा एंट्री मी एका मुलाला दिली होती. त्याने स्कॅन करून फाइल पाठवली आणि मी आजवर त्या स्कॅनवरूनच काम केलं. फॉर्म एका बाजूला छापलेले, त्यामुळे त्याने एकच बाजू स्कॅन केली. बरोबरच आहे त्याचं. मूळ कागद माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे. रात्री साडेदहाला स्टूल लावून उतरवले. नवरा स्टूल धरून उभा. काय शोधतेयस म्हणाला. म्हटलं, माहीत नाही.

पहिल्या ६० पैकी १४ फॉर्मच्या मागे लिहिलेलं आहे.

काही नुसते हिशोब आहेत, बिलाची रक्कम आणि पुढे तारखा, एकाखाली एक, खोडलेल्या. एकाने मशीनच्या कर्जाचा हप्ता लिहून त्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. एकाने लिहिलंय, "प्रश्न ९ चुकीचा आहे. पैसे उशिरा आले तर निर्णय पुढे जात नाही, बायकोचे दागिने पुढे जातात." एकाने मोबाइल नंबर देऊन "फोन करा, लिहून जमणार नाही" असं लिहिलंय. मी फोन केला नाही. दोन वर्षं.

आणि एक आहे. फॉर्मवर नाव नाही, आम्ही घेतलंच नव्हतं. हल्लीचे आमच्या कंपनीचे सप्लायर मी यादीतून वगळले होते, पण जुने सोडून गेलेले वगळायचं डोक्यात आलं नाही. निळं बॉलपेन, अक्षर गिचमिड. "ताई, २०१९ ला तुमच्याच टेबलावर आमचं बिल ७१ दिवस होतं. तेव्हा सिस्टीम डाउन आहे असं सांगितलं होतंत. सिस्टीम डाउन नव्हती. यात तो प्रश्न नाही म्हणून इथं लिहितो. राग नसावा."

सिस्टीम डाउन नव्हती, हे खरंय. वरून फोन आला होता, क्वार्टर संपेपर्यंत थांबवा. मी ७१ दिवसांत किती जणांना ते वाक्य सांगितलं असेल, मोजदाद नाही.

गाइडना आत्ताच मेल टाकलाय. विषय तोच ठेवतेय, सँपल खोडतेय, आणि टेबलाच्या माझ्या बाजूचं एक प्रकरण घालू का, असं विचारलंय. समिती काय म्हणेल माहीत नाही. कंपनी ते ना-हरकत पत्र तसंच ठेवेल का, तेही माहीत नाही.

उद्या सकाळी त्या मोबाइल नंबरवर फोन करणार आहे.

---

काकूबाई
सोमवार, सकाळी ६:५०

सकाळी करा, पण दहानंतर करा. साडेनऊपर्यंत शेडमध्ये कोणी फोन उचलत नाही. माझा भाऊ आहे त्यात.

---

भोसरीचा_भैरू
सोमवार, सकाळी ७:३०

मॅडम, ते ७१ दिवसवालं मी लिहिलेलं नाही, आधीच सांगतो. पण निळं बॉलपेन आणि गिचमिड अक्षर म्हणता, तर आमचा मेहुणा असायची शक्यता आहे. विचारू का त्याला, की राहू दे?

---

वेलांटी
सोमवार, सकाळी १०:५२

राहू द्या. नाव घ्यायचं नाही असं फॉर्मवर मीच लिहिलं होतं.

(फोन लागला. बुधवारी साडेपाचला तळवड्याला बोलावलंय. म्हणाले, फॉर्म आणू नका.)